पट एकवीस, पोर्टलवर एकोणीस: एका पाड्याच्या शाळेचं प्रकरण

३० सप्टेंबरला हजेरीपटावर २१ मुलं. त्याच दिवशी शिक्षण विभागाच्या पोर्टलवर वैध, म्हणजे आधार जुळलेले, विद्यार्थी १९. जानेवारीत सकाळी मोजलं तर वर्गात बसलेली मुलं तेरा-चौदा. आणि गावात पहिली ते चौथीच्या वयाची मुलं २७. चारही आकडे खरे आणि चारही एकाच शाळेचे. शाळेला शिक्षक एक द्यायचा की दोन, शाळा इथेच ठेवायची की दुसरीकडे जोडायची, हे यातल्या कोणत्या आकड्यावर ठरवायचं, हा या प्रकरणाचा गाभा.

शाळा ठाणे जिल्हा परिषदेची, शहापूर-मुरबाड पट्ट्यातली. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. गावाचं नाव देत नाही. मुलं इतकी थोडी आहेत की नाव दिलं तर एकेक मूल ओळखू येईल. त्याच कारणाने आकडेही जरा हलवून घेतलेत, त्यांचा आपसातला मेळ मात्र तसाच ठेवलाय. शाळा व्यवस्थापन समितीला तालुक्याला एक अर्ज द्यायचा होता आणि त्यासाठी पटाची नीट मांडणी हवी होती. ती मी करून दिली. त्या कामातून जे दिसलं ते इथे लिहितोय.

आधी जागा समजून घेऊ. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांहून जास्त. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि सात तालुके उरले. या सातांत कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आहेत, जिथे शाळेला जागा मिळत नाही. आणि शहापूर, मुरबाड आहेत, जिथे शाळेला मुलं मिळत नाहीत असं म्हटलं जातं. मुंबईला पाणी पाजणारी भातसा आणि तानसाची धरणं शहापुरात, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणारे पाडेही त्याच तालुक्यात. हे सगळ्यांना माहीत असलेलं रडगाणं आहे, त्यामुळे लांबवत नाही. एवढंच की पाणी आटलं की माणसं हलतात आणि माणसांबरोबर पट हलतो.

गावाची वस्ती तीन तुकड्यांत आहे. रस्त्यालगत कुणबी गावठाण, साधारण १७० माणसं. ओढ्यापलीकडे ठाकूरपाडा, १४०. आणि टेकाडाच्या पायथ्याशी कातकरी वाडी, ८०. एकूण ३९०. हा आकडा जनगणनेचा नाही. २०११ नंतर जनगणना झालेलीच नाही आणि तेव्हाची पानं आज चौथीतल्या मुलाबद्दल काहीच सांगू शकत नाहीत. आम्ही अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आणि आशाताईंची वही समोरासमोर ठेवली आणि जिथे जुळेना तिथे घरी जाऊन विचारलं. छोट्या शाळेचा हा एक मोठा फायदा असतो, सगळा समाज दोन दिवसांत दार वाजवून मोजता येतो.

वीस ही कसली रेषा?

कमी पट म्हटलं की डोळ्यासमोर ओस पडलेली शाळा येते. ते चित्र बाजूला ठेवून जरा गणित करू. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ होता. ३९० माणसांच्या गावात त्या दराने वर्षाला सहाच्या आसपास जन्म होतात. चार इयत्तांची चार वर्षं धरली तर तेवीस-चोवीस मुलं. म्हणजे गावातलं एकही मूल बाहेर गेलं नाही, एकही गळालं नाही, तरी शाळेचा पट चोवीसच्या वर जायला फारशी जागाच नाही. आदिवासी पाड्यांवर जन्मदर थोडा जास्त, म्हणून आमच्या मोजणीत २७ निघाले. त्यातले २१ या शाळेत आहेत. चारातली तीन मुलं गावच्या शाळेत येतात. मुंबईतल्या कुठल्या खासगी शाळेला आपल्या परिसरातली एवढी मुलं मिळत असतील?

तरीही कागदावर ही शाळा धोक्याची. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विषय निघाला तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत शिकणारी १ लाख ८५ हजारांवर मुलं, असे आकडे पुढे आले होते. त्या शाळांपैकी किती ओस आहेत आणि किती नुसत्याच लहान गावात आहेत, हा फरक त्या एका आकड्यात दिसत नाही. तीन हजार वस्तीच्या गावात पट अठरा असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय. तीनशे वस्तीच्या पाड्यावर अठरा असेल तर जवळपास सगळी मुलं शाळेत आहेत. दोन्ही शाळा मात्र एकाच यादीत, एकाच रकान्यात.

शिक्षण हक्क कायद्याची मांडणी वेगळी आहे. २००९ च्या कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. खालची मर्यादा त्यात नाही. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांनी प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलंय. वीसची रेषा मूळ कायद्यात नाही, ती राज्याच्या नियमांतून आणि शासन निर्णयांमधून आली, आणि ती स्थिरही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वीस पटापर्यंतच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचं ठरलं आणि त्याच महिन्यात ही मर्यादा दहावर आणली गेली. गावात कोणी विचारलं, "गुरुजी, आता कितीचं चालू आहे?" तर गुरुजी आधी मोबाईलवरचा गट उघडतात.

पट कुठून गळला

जनरल रजिस्टर हे शाळेतलं सगळ्यात बोलकं पुस्तक. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ: नाव, जात, जन्मतारीख, कुठून आला, कधी गेला, का गेला. गेल्या तीस वर्षांची पानं उलटली तर दिसतं की तेव्हा पट पन्नाशीच्या घरात होता आणि निम्म्याहून जास्त मुलं गावठाणातली होती. आज गावठाणातली मुलं शाळेत दोन आहेत.

याचं सोपं कारण सगळे सांगतात: इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी. ती सकाळी सात वाजता रस्त्यावर येते आणि गावठाणातली चार मुलं घेऊन जाते. पण दोन आणि चार मिळून सहाच होतात. १७० माणसांच्या गावठाणात या वयाची मुलंच सहा आहेत! गाडीने नेलेल्या चौघांवर सगळा राग काढला जातो, आणि जी मुलं इथे जन्मलीच नाहीत त्यांची कोणी गोष्ट काढत नाही. गावठाणातली लग्न झालेली पोरं आसनगाव, टिटवाळा, बदलापूरला भाड्याने किंवा हप्त्यावर घर घेऊन राहतात. लोकल मिळते, नोकरी सांभाळता येते. घराला कुलूप नाही, आई-वडील आहेत, भात लावायला सगळे येतात, गणपतीला घर भरतं. पण मुलाचं नाव तिकडच्या शाळेत. शिवाय त्यांना मूल एक किंवा दोन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आला होता. गावठाण त्या आकड्याच्याही खाली गेलंय. शाळेची गुणवत्ता वाढवा, सेमी इंग्रजी सुरू करा, गावठाणातली मुलं परत येतील, असं बैठकांत ठासून सांगितलं जातं. सेमी जरूर सुरू करावं. त्याने जास्तीत जास्त चार मुलं परत येतील, कारण परत यायला आहेतच चार.

ठाकूरपाड्यातली १० मुलं शाळेत, दोन बाहेर. एक मुलगी मोठ्या बहिणीबरोबर आश्रमशाळेत गेली. एक मुलगा आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत. त्याची फी शासनच भरतं. मी या योजनेच्या विरोधात नाही, त्या मुलाची आई तर मुळीच नाही. पण एका खात्याने पहिलीतलं मूल उचलून न्यायचं आणि दुसऱ्या खात्याने पट का घटला म्हणून मुख्याध्यापकांकडे खुलासा मागायचा, हा प्रकार जरा विनोदी आहे.

कातकरी वाडी

आता मुख्य गोष्ट. शाळेतली ९ मुलं कातकरी वाडीतली. या वयाचं वाडीतलं प्रत्येक मूल पटावर आहे, एकही बाहेर नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. तीस वर्षांपूर्वीच्या पानांवर कातकरी नावं शोधावी लागतात, आणि जी सापडतात त्यांच्यापुढे बहुतेक वेळा ‘सतत गैरहजर’ असा शेरा. त्या मानाने आज नऊच्या नऊ मुलं पटावर असणं ही या शाळेची खरी कमाई आहे. पटसंख्येच्या रकान्यात तिला जागा नाही.

दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायला लागते. पावसाळ्यात घर चालवायला घेतलेली उचल फेडायला कुटुंबं भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. नऊपैकी सहा मुलं आई-बापाबरोबर जातात. तीन मागे राहतात, कारण त्यांच्या घरी आजी आहे आणि आजीच्या अंगात अजून रांधून घालण्याची ताकद आहे. बाकीच्यांच्या आयांना विचारलं तर एक जण म्हणाली, "ठेवू कोणापाशी, बाई? भट्टीवर निदान डोळ्यापुढे तरी राहतात." हा प्रश्न ती आमच्या शाळेतल्या बाईंना विचारत होती आणि बाईंकडे उत्तर नव्हतं.

या मुलांसाठी कागद आहे: शिक्षण हमी पत्रक. मूल कुठल्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहून पालकांच्या हाती द्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला वर्गात बसवायचं. बाई दरवर्षी सहा पत्रकं भरतात. भट्टी रस्त्यापासून आत असते, जवळची शाळा दोन-अडीच किलोमीटरवर, आणि सात वर्षांच्या मुलाला धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. जी एक-दोन मुलं तिथल्या शाळेत जाऊन बसतात ती ‘पाहुणे’ म्हणून बसतात. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने एके काळी भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या होत्या, मजुरांच्या भोंग्यांच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांच्या, वस्तीतच वर्ग भरायचा. शाळेने मुलामागे जायचं, ही त्यामागची साधी समजूत होती. पत्रकात ती उलटी झालीय. कागद घेऊन मुलाने शाळा शोधायची.

संच मान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवायला, पट ३० सप्टेंबरचा धरतात. म्हणजे वाडी भरलेली असते तेव्हाचा. यामुळे आमच्या शाळेला सहा मुलं मिळतात, ही तिची सोय. पण जानेवारीत कोणी अधिकारी भेटीला आले की त्यांना चौदा मुलांसमोर दोन शिक्षक दिसतात आणि भुवया वर जातात. तिकडे भिवंडीकडच्या एखाद्या शाळेत नोव्हेंबर ते मे मुलं वाढतात, पण ३० सप्टेंबरला ती तिथे नव्हती, म्हणून त्यांच्या नावाने तिथे शिक्षक मिळत नाही. एका तारखेच्या मोजणीत स्थलांतर करणारं मूल एका ठिकाणी फुकटचं धरलं जातं आणि जिथे ते खरोखर असतं तिथे धरलं जात नाही. सलग महिनाभर गैरहजर राहिलं की तेच मूल व्याख्येप्रमाणे शाळाबाह्य. मग बालरक्षक शिक्षकाने, म्हणजे शाळाबाह्य मुलांचं काम ज्याच्याकडे दिलंय त्याने, त्याला शोधून आणायचं. कुठून? तर ज्या भट्टीचा पत्ता पत्रकावर त्याच शिक्षकाने स्वतःच्या हाताने लिहिलाय तिथून.

दोन मुलं कमी कशी झाली

पट २१, पोर्टलवर १९. संच मान्यतेत आधार वैध असलेले विद्यार्थीच धरले जातात. दोन मुलं अडली, दोन्ही कातकरी.

एका मुलीचं आधार आहे, पण त्यावरचं नाव वेगळं आणि शाळेच्या रजिस्टरातलं वेगळं. ही दुरुस्ती किरकोळ, फक्त तालुक्याच्या गावी खेप आणि बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो. दुसऱ्या मुलाचं प्रकरण किचकट. तो भट्टीवरच जन्मला. दवाखाना नाही, नोंद नाही. पीएम-जनमन या आदिम जमातींसाठीच्या केंद्राच्या मोहिमेत वाडीवर आधार आणि जातीच्या दाखल्यांची शिबिरं झाली, तेव्हा हे कुटुंब भट्टीवर होतं. जन्माला एक वर्ष उलटून गेलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो घ्यायचा तर जन्म ज्या हद्दीत झाला तिथले कागद हवेत, आणि ती भट्टी तर आता जागेवरही नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारू नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं चौदावं कलम सांगतं. त्याप्रमाणे शाळेने प्रवेश दिला. मुलगा वर्गात आहे, वाचतो, पोषण आहारातले त्याच्या वाट्याचे शंभर ग्रॅम तांदूळ शिजतात. फक्त शिक्षक ठरवायची वेळ आली की तो नसतो.

पुढच्या वर्षाचा हिशेब

समितीला खरी भीती पुढच्या जूनची होती. महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे अंगणवाडीच्या रजिस्टरावरून पुढच्या दोन-तीन वर्षांचा पट आजच लिहून काढता येतो. कोणी काढत नाही, एवढंच. चौथीतून ६ मुलं बाहेर पडणार. पहिलीच्या वयाची ७ मुलं गावात आहेत: गावठाणात २, ठाकूरपाड्यात ३, वाडीत २. गावठाणातली दोन्ही आधीच नर्सरीच्या गाडीत बसतात. ठाकूरपाड्यातल्या एकाचा निवासी शाळेसाठी अर्ज भरून झालाय. उरली ४. म्हणजे पट १९, आणि तोही सगळी आधार वैध झाली तर.

बैठकीत तीन गोष्टी बोलल्या गेल्या. पहिली, जवळच्या मोठ्या शाळेत विलीन व्हायची. ती अडीच किलोमीटरवर, मध्ये ओढा. जुलैत तो दोन-तीन दिवस कोणाला ओलांडू देत नाही. गाडीची सोय होईल असं सांगितलं जातं. ठाकूरपाड्यातले बाप म्हणाले, गाडी वेळेवर आली तर पाठवू. वाडीतलं कोणीच काही बोललं नाही. पण त्या मुलांची सकाळ कशी असते ते बाईंना माहीत आहे: आई-बाप उजाडायच्या आत कामाला गेलेले असतात, मुलं आपापली उठतात, घंटा ऐकून शाळेत येतात, काही वेळा बाईच वाडीवर जाऊन हाका मारतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या वळणावर तयार होऊन उभं राहायला घरात एक मोकळा मोठा माणूस लागतो. विलीनीकरणात ठाकूरपाड्यातली बहुतेक मुलं पुढे जातील आणि कातकरी मुलं गळतील, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि गळतील तेव्हा नोंद होईल ‘पालक उदासीन’.

दुसरी गोष्ट, मुलांना मागे ठेवायची. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं चालतात. वाडीतच एक खोली, स्वयंपाकाला वाडीतलीच बाई, सहा महिने. नीट चाललं तर जानेवारीची हजेरी विसावर राहील. समितीने याचा वेगळा अर्ज दिलाय. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी कोणती आई सहा वर्षांची पोर मागे ठेवेल याची मला खात्री वाटत नाही. तिसरी-चौथीतली ठेवतील.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी, आणि ती सुचली ठाकूरपाड्यातल्या एका समिती सदस्याला: पाचवीचा वर्ग इथेच द्या. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी. आपल्याकडे चौथीपर्यंतच्या शाळा जुन्या रचनेतून तशाच राहिल्या. या गावापासून एक किलोमीटरच्या आत पाचवी कुठेच नाही. चौथी झालेली सहा मुलं इथेच राहिली तर पट १९ ऐवजी २५. रेषेच्या वर राहायची ही नुसती युक्ती नाही. जनरल रजिस्टरात चौथीनंतर दाखला घेतलेल्या कातकरी मुलांची पुढची वाट आम्ही काढली, आणि पाचवीत पोचलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. चौथीची परीक्षा, दाखला, त्यानंतर भट्टी. एक वर्ष गावातच मिळालं तर ती अकरा वर्षांची होईपर्यंत तरी शाळेत राहील.

अर्जाला जोडायच्या तक्त्यात मी एकच बदल सुचवला. नेहमीचा तक्ता जातीच्या प्रवर्गाने असतो, आणि त्यात ठाकूर आणि कातकरी दोघेही ‘अनुसूचित जमाती’ या एकाच रकान्यात बसतात: १९ मुलं, बास. आम्ही तो वस्तीप्रमाणे केला आणि तीन रकाने वाढवले: दिवाळीनंतर गावात राहतो का, आधार जुळतं का, चौथीनंतर पाचवीची शाळा किती लांब. या तीन रकान्यांत तेच २१ विद्यार्थी एकदम वेगवेगळे दिसायला लागतात. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेबांना एवढं वाचायला वेळ असेल का?" तक्ता एका पानात बसवला.

ग्रामसभेत ठराव झाला, सूचक गावठाणातले आणि अनुमोदक वाडीतले. गावठाणातल्या ज्यांची नातवंडं पिवळ्या गाडीने जातात तेही हात वर करून बसले होते. शाळा गावात हवी, याबाबत गावात दोन मतं नाहीत. नावाच्या दुरुस्तीचं काम झालंय, पोर्टलवर पट आता २० दिसतो. जन्मनोंदीचा अर्ज चालू आहे. पाचवीच्या प्रस्तावावर कार्यालयाकडून एकच लेखी शंका आली: दोन खोल्यांत पाच वर्ग कसे बसवणार? मुख्याध्यापकांनी उत्तर पाठवलं: सध्या चार बसवतो त्याच पद्धतीने.